माळावरची शर्यत, कोलोंबची दुपार आणि राहिलेली भैरवी

संमेलनाची तारीख ठरली त्याच रात्री आपल्या ग्रुपवर पहिली सूचना आली ती जेवणाची नव्हती, राहण्याचीही नव्हती. कुणीतरी लिहिलं, "माळावरची शर्यत पुन्हा घ्यायची का?" झालं. सकाळपर्यंत अंगठ्यांचा पाऊस. एकानं तर बजावलं, "१ मेलाच घ्यायची आणि उन्हातच. नाहीतर ती आपली शर्यतच नव्हे." हे लिहिणाऱ्याच्या डाव्या हातात रक्तदाबाची गोळी होती हे मला पक्कं ठाऊक आहे, पण ते असो.

स्मरणिका समितीनं मला त्या शर्यतीचा इतिहास लिहायला सांगितलं. कारण एवढंच की मी तीस वर्षं इतिहास शिकवला. म्हणून मार्च महिन्यात शाळेत गेलो. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात खालच्या खणात खेळाची जुनी रजिस्टरं अजून आहेत. वाळवीनं कडा खाल्ल्यात, पण सरांचं अक्षर ओळखू येतं. आपल्या नववीच्या वर्षाचं पान उघडलं. धावायला उभ्या राहिलेल्या मुलांची नावं ओळीनं लिहिलेली आहेत. पुढचा 'अनुक्रम' हा रकाना कोरा आहे.

तो रकाना कोरा का, हे सांगायला मला आधी थोडं लांबून यावं लागेल.

आपल्यानंतरच्या बॅचेससाठी आधी शर्यत काय होती ते सांगतो. १ मेला सकाळी झेंडावंदन, मग निकालपत्रकांचं वाटप. त्या दिवशी सगळी मुलं शाळेत असायचीच, उद्यापासून सुट्टी. हाच मुहूर्त साधून पी.टी.च्या सरांनी शर्यत बसवली होती. फाटकापासून सुरुवात, एसटी स्टँडच्या मागून ओढ्यात उतरायचं, कोरड्या पात्रातून वर चढून खडीच्या रस्त्यानं माळ, मग पाझर तलावाचा बांध, तिथून नांगरटीतून ढेकळं तुडवत कालवा आणि कालव्याच्या कडेनं परत. अंतर सात किलोमीटर. सरांनी ते सायकलच्या चाकाला चिंधी बांधून, फेऱ्या मोजून काढलं होतं. मोजणी ज्याच्याकडे दिली होती तो मुलगा तलावाशी आकडा विसरला होता अशी दंतकथा आहे, तेव्हा सात की साडेसात हे देव जाणे. माळावर कुसळं इतकी की मोजे घालणाऱ्यांचे हाल अनवाणी पळणाऱ्यांपेक्षा जास्त. तसे मोजे होते कितीजणांकडे म्हणा.

आणि संध्याकाळी गाणं. मैदानावर बाकं जोडून रंगमंच, समोर सतरंज्या, मंडपवाल्याचा एक कर्णा, वीज गेलीच तर म्हणून पेटलेली गॅसबत्ती. संगीताच्या बाई पेटीवर. अंधार पडला की यमन, मग मुलामुलींची समूहगीतं, नाट्यपदं, अभंग, आणि शेवटी बाईंची भैरवी. गावातली माणसं जेवून यायची, बायका कुंपणाच्या भिंतीवर बसायच्या. दिवसा घाम गाळायचा आणि रात्री उघड्या आभाळाखाली गाणं ऐकायचं, ही कल्पना सरांची किंवा बाईंची असं आपण समजत होतो. खरं तर हा साचा चैत्रातल्या जत्रेचा. दुपारी कुस्त्यांचा फड, रात्री तमाशाचा. आपल्या भागातल्या माणसाला हा दिवस कुणी शिकवावा लागत नव्हता. म्हणूनच शाळेच्या कार्यक्रमाला सगळं गाव लोटायचं.

शर्यतीआधी सर एक गोष्ट सांगायचे. आठवते? फिनलंडच्या पावो नुर्मीची. १९२४चं पॅरिस ऑलिंपिक, आग ओकणारं ऊन, रानावनातून शर्यत, बाकीचे पटापट पडतायत आणि नुर्मी मात्र घड्याळाच्या काट्यासारखा पळतोय. "तो थांबला नाही," असं म्हणून सर शिटी वाजवायचे. आपण सुटायचो ते नुर्मी होऊन.

सरांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. फक्त ती गोष्ट अर्धी होती. उरलेली अर्धी मला नोकरीला लागल्यावर पुस्तकांतून कळली.

शनिवार, १२ जुलै १९२४. पॅरिसच्या वायव्येला कोलोंब नावाचं उपनगर आहे, तिथल्या मैदानातून शर्यत सुटली. अंतर सुमारे १०,६५० मीटर. पॅरिसमध्ये उष्णतेची लाट होती आणि पारा चाळिशीच्या वर गेला होता. मार्ग सेन नदीच्या बाजूनं, गुडघाभर तणातून, आणि वाटेत एक वीजनिर्मितीचा कारखाना. त्याचा धूर त्या बिनवाऱ्याच्या हवेत तसाच साचलेला. ३८ जण धावायला उभे राहिले आणि १५ जणांनी शर्यत पुरी केली. बाकीचे तेवीस कुठे गेले? काही तणात कोसळले, काही भान हरपून भलत्याच दिशेला गेले. काहीजण मैदानात पोचले आणि शेवटची रेषा समोर दिसत असताना पडले. शर्यत संपल्यावर रेडक्रॉसची माणसं कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेनं हरवलेले धावपटू शोधत होती. स्वीडनचा एडविन वीडे हा नुर्मीचा मोठा प्रतिस्पर्धी. तो मेला अशी आवई त्या दिवशी उठली होती. सुदैवानं ती खोटी ठरली.

नुर्मी पहिला आला, वेळ ३२ मिनिटं ५४.८ सेकंद. दोनच दिवस आधी त्यानं एकाच दुपारी १५०० आणि ५००० मीटर अशी दोन सुवर्णपदकं जिंकली होती, आणि कोलोंबच्या दुसऱ्याच दिवशी ३००० मीटरच्या सांघिक शर्यतीत तो पुन्हा पळाला आणि तीही जिंकला. पॅरिसमध्ये एकूण पाच सुवर्णपदकं. दुसरा आला त्याचाच देशबंधू विले रितोला, जवळजवळ दीड मिनिट मागे. तिसरा अमेरिकेचा अर्ल जॉन्सन.

मला मात्र यातला बारावा माणूस जास्त जवळचा वाटतो. त्याचं नाव हैक्की लिमाताइनेन. सांघिक पदकासाठी एका देशाचे तिघं शर्यत पुरी करणारे लागत. नुर्मी आणि रितोला कधीच पोचले होते, पण तिसरा आला नसता तर त्या दोघांच्या धावण्याला संघ म्हणून काही किंमत नव्हती. लिमाताइनेन मैदानात आला तेव्हा त्याच्यात धावण्याचं त्राण उरलं नव्हतं. कसाबसा तो रेषेपार गेला आणि फिनलंडला सांघिक सुवर्ण मिळालं. त्या दिवशी तिघं पोचले असे देश तीनच, फिनलंड, अमेरिका आणि फ्रान्स. म्हणजे पदकं तीन आणि संघही तीन.

आणि सरांनी कधीच न सांगितलेला भाग हा, की ऑलिंपिकमधली ती शेवटची क्रॉसकंट्री ठरली. १९१२, १९२० आणि १९२४ अशी तीनदा ती झाली. १९२८च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकच्या कार्यक्रमात ती नव्हती, नंतरही आली नाही. ज्या शर्यतीचा दाखला देऊन आपल्याला उन्हात सोडलं जायचं, ती शर्यत जगानं त्या उन्हापायीच बंद केली होती.

यात सरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्या काळची समजूतच तशी होती. धावताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, हे आपल्याला घरीही सांगत आणि शाळेतही. ही समजूत आपल्याच गावची होती असंही नाही. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन ऑगस्टमधल्या भर उन्हात, धुळीच्या रस्त्यांवर झाली. शरीर पाण्याशिवाय किती तग धरतं हे पाहायचं म्हणून संयोजकांनी मुद्दामच वाटेत पाणी जवळजवळ ठेवलं नाही. ३२ सुटले, १४ पोचले. जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिकनीन आणि ब्रँडी पाजत पाजत आणलं होतं. स्ट्रिकनीन म्हणजे आपल्या कुचल्याच्या बियांतलं विष. पाणी नाही, पण कुचला चालेल! शिकलेल्या माणसांचा हा कारभार.

खरी गोष्ट साधी आहे. पळताना स्नायू भट्टीसारखे तापतात. ती उष्णता अंगाबाहेर टाकायला हवा कातडीपेक्षा थंड असावी लागते. हवाच अंगापेक्षा गरम झाली की घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो, आणि घामाला पाणी लागतं. ते संपलं की आतला ताप चाळीसच्या पुढे जातो, माणूस बरळायला लागतो, पाय वाकडे पडतात आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. इथे जिद्द धोक्याची ठरते. ज्याच्यात ती कमी असते तो आधीच बाभळीखाली बसतो आणि वाचतो.

आता नववीच्या वर्षाकडे येतो.

त्या वर्षी पाहुण्यांची भाषणं लांबली. शर्यत सुटायला साडेदहा वाजून गेले. ओढ्यातली वाळू चटके देत होती. माळावर पोचेपर्यंत पुढे चौघं होते, मी पाचवा. तलावाच्या बांधावर एकजण बसला, मी चौथा झालो. नांगरटीनंतर कालव्याला लागलो तर पुढचा मित्र वेडावाकडा पळताना दिसला. कोण ते तुम्हाला माहीत आहे. नाव लिहायचं नाही असं त्यानंच फोनवर दरडावलंय. बघता बघता तो कडेच्या गवतात खाली बसला. मी जवळून गेलो तेव्हा तो काहीतरी बोलला. मला वाटलं, दम खातोय. खरं सांगू? मला वाटलं, मी तिसरा आलो. मी थांबलो नाही.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्यालाही नाही, गेल्या महिन्यापर्यंत.

माझ्यामागून सातआठ जण गेले असतील. कुणी थांबलं नाही. थांबला तो सगळ्यांत शेवटचा, जो दरवर्षी शेवटचाच यायचा आणि ज्याला आपण 'गार्डाचा डबा' म्हणायचो. कालव्याला उन्हाळी पाळी सुटली होती हे नशीब. त्यानं आरडाओरडा करून पाटकऱ्याला बोलावलं आणि दोघांनी मिळून त्याला कडेच्या उथळ पाण्यात गळ्यापर्यंत निजवलं, डोकं मांडीवर घेऊन. वर पाटकऱ्याच्या बादलीनं पाणी ओतत राहिले. मग कुणाच्या तरी बैलगाडीतून सरकारी दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी नंतर सरांना सांगितलं, पाण्यात ठेवलं म्हणून पोरगं हाती लागलं. उष्माघातावर पहिला इलाज हाच, थंड पाणी आणि तेही ताबडतोब. हे आज वैद्यकाची पुस्तकं सांगतात. त्या पाटकऱ्यानं पुस्तक पाहिलेलं नव्हतं. ऊन लागलेल्या बैलाला काय करतात हे त्याला माहीत होतं.

इकडे फाटकापाशी आम्ही लिंबू-गुळाचं पाणी पीत उभे. पोचलेल्यांची गणती झाली तेव्हा दोन मुलं कमी. सुटताना नावं लिहिली होती, पण वाटेत कोण कुठे आहे हे बघायला माणूस नव्हता. अगदी कोलोंबसारखंच. सर सायकल काढून निघाले ते दवाखान्यातच राहिले.

संध्याकाळी गाणं करायचं की नाही यावर शिक्षकांच्या खोलीत बराच खल झाला. गाव जमलं होतं. शेवटी बाईंनी सुरुवात केली. तबल्यावर मी. यमन झाला, दोन समूहगीतं झाली. माझा हात बोलत नव्हता, ठेका सुटत होता आणि बाई एकदाही माझ्याकडे रागानं बघत नव्हत्या, याचंच जास्त वाईट वाटत होतं. रात्री नऊच्या सुमाराला सर आले. तसेच, धुळीनं माखलेले. रंगमंचावर चढले, माईक घेतला आणि म्हणाले, मुलगा शुद्धीवर आहे, रात्रभर दवाखान्यात ठेवणार आहेत, आज निकाल जाहीर होणार नाही. एवढंच बोलून खाली उतरले आणि सतरंजीच्या कडेला गावकऱ्यांत जाऊन बसले. मैदानावर इतकी माणसं होती, पण गॅसबत्तीची फरफर ऐकू येत होती.

बाईंनी एक अभंग म्हटला. लोक भैरवीची वाट बघत बसले. त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाल्या, "एक पोर अजून दवाखान्यात आहे. भैरवी आज नको." माणसं कुरकुर न करता उठून गेली. भैरवीशिवाय संपलेला तेवढा एकच कार्यक्रम मी पाहिला.

पुढच्या वर्षी शर्यत डिसेंबरात गेली. पहाटे धुक्यात. वाटेत पाच ठिकाणी पाण्याच्या कळश्या, प्रत्येक वळणावर एक शिक्षक, आणि शेवटच्या मुलामागे सायकलवर स्वतः सर. शेवटचा परत येईपर्यंत पहिल्याला बक्षीस द्यायचं नाही, हा नियम त्यांनी केला तो निवृत्त होईपर्यंत पाळला. गाणं मात्र मागे पडलं. थंडीत उघड्यावर कोण बसणार? ते गॅदरिंगला जोडलं गेलं, हॉलमध्ये गेलं आणि पुढे दोनचार वर्षांत समूहगीतांपुरतं उरलं. आम्ही तेव्हा फार कुरकुर केली. सर घाबरले, असं मी स्वतः म्हणालोय. आज वाटतं, आपल्या हातून काय होता होता राहिलं हे भर गावासमोर कबूल करून दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलणारा माणूस मी पुढच्या साऱ्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला.

आणखी एक राहून जाईल. सर नुर्मीची गोष्ट सांगायचे, पण आपल्याच मातीतल्या एका धावपटूची गोष्ट आपल्याला शाळेत कुणीच सांगितली नाही. दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. १९१९च्या सुमाराला तिथल्या मैदानी स्पर्धा पाहताना त्यांच्या लक्षात आलं की धावणारी बहुतेक पोरं शेतकऱ्यांची आहेत, अनवाणी आहेत, विलायती नियम त्यांना ठाऊक नाहीत. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून घेण्याचा बेत होता, कारण मैदानच तेवढं! पण सुमारे पंचवीस मैलांच्या शर्यतीत हीच पोरं खडीच्या रस्त्यांवरून युरोपातल्या धावपटूंच्या तोडीची वेळ देत होती. त्यातून १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले, पावसाळी गार हवेत, ४२ किलोमीटर ७५० मीटर, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत. एकोणिसावे आले. नुर्मीनं आपली पहिली सुवर्णपदकं मिळवली ती याच अँटवर्पला. एकोणिसाव्याची गोष्ट सांगून मुलं पेटत नाहीत, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. पण आपल्या मैदानात अनवाणी उभ्या असलेल्या पोरांना फिनलंडपेक्षा बेळगाव जवळचं वाटलं असतं.

तर ग्रुपवरच्या सूचनेबद्दल. शर्यत घ्या, माझी ना नाही. पण साडेदहाला नको, सहाला घ्या. कालव्याचा रस्ता आता डांबरी झालाय, तेव्हा सातऐवजी तीन किलोमीटर पुरे, तेही चालत चाललं तरी हरकत नाही. सर येणार आहेत. नव्वदीला आलेत, तरी त्यांनी निरोप धाडलाय की शेवटच्या माणसामागे ते रिक्षात बसून येतील. 'गार्डाचा डबा' नाशिकहून येतोय. त्याच्या पुढे पळायचं नाही असं मी आणि कालव्याकाठच्या मित्रानं ठरवलंय. रजिस्टरातल्या त्या कोऱ्या रकान्यात त्याच्या नावापुढे आकडा लिहायचा का, हे सरांनाच विचारू. मुख्याध्यापकांनी ते पान उघडायची परवानगी दिली आहे.

संध्याकाळी मैदानावरच बसायचं, हॉल नको. बाईंशी बोललो. म्हणाल्या, आवाज खाली आलाय, काळी पाचचे दिवस गेले, आता काळी दोनला बसेन, आणि यमन वगैरे तुम्ही कुणीतरी म्हणा, मी फक्त भैरवी म्हणेन. त्या पट्टीचा तबला माझ्याकडे नव्हता. गेल्या आठवड्यात मिरजेहून आणलाय, शाई अजून नवी आहे.